लालासाहेबांची उजवी टाच

पोळपाटाचा पाय करवतीनं कापून तो मोटारीच्या अॅक्सिलरेटरला बसवणारा इसम सांगली शहरात आजवर एकच झाला, आणि तो विश्रामबागेत राहतो. लालासाहेब जगदाळे, सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त. उरलेल्या दोन पायांच्या त्या पोळपाटावर त्यांच्या पत्नी शालनताईंच्या चपात्या पुढे कितीतरी दिवस एका कडेला जाड आणि एका कडेला पापडासारख्या होत राहिल्या, आणि लालासाहेब त्या मान खाली घालून खात राहिले. आरोपीनं चपातीच्या जाडीबद्दल तक्रार करू नये, एवढं बँकिंग त्यांना येत होतं.

हे सगळं झालं ते व्याह्यांच्या एका बोलण्यानं.

व्याही म्हणजे सुभेदार कोंडीबा माने, मुक्काम चिंचखोरे, जिल्हा सातारा. फौजेत जन्मभर बर्फाच्या डोंगरात ट्रक हाकलेला माणूस. लालासाहेबांच्या संयोगिताचं त्यांच्या वीरधवलशी लग्न ठरलं, तेव्हा लालासाहेब मोठ्या हौसेनं त्यांना आपल्या गाडीत घालून बोरजाईच्या घाटानं चिंचखोऱ्याला निघाले होते. उतारावर वळण आलं की लालासाहेब तिसऱ्यातून दुसरा गियर टाकायचे, आणि टाकला की गाडी असा हिसका द्यायची की मागच्या सीटवरच्या पुड्यातले पेढे एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसायचे. त्यात ब्रेकच्या जळक्या वासाची भर. तीन-चार वळणं सुभेदारांनी सोसली. मग गाडी थांबवायला लावून खाली उतरले, दार अगदी हळू लावलं (ते हळू लावणंच लालासाहेबांना जास्त लागलं) आणि खिडकीतून वाकून म्हणाले,

"पाव्हणं, तुमी या सावकाश. गियर टाकताय का उखळात घाव घालताय, मला काय उमजंना. मी आपला चालत होतो पुढं."

आणि खरंच पायवाटेनं चालत गेले. लालासाहेब गाडी घेऊन पोचले तेव्हा सुभेदार हातपाय धुऊन, टोपी बदलून, पाव्हण्यांच्या स्वागताला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते.

त्यानंतर मान्यांच्या घरचं कुठलंही कार्य असलं की गाडी दुसराच कोणीतरी चालवायचा. लालासाहेबांची जागा मागं, दोन आत्यांच्या मधे, मांडीवर भाजीचं पातेलं. ते पातेलं त्यांनी निमूटपणे सांभाळलं. पण आता संयोगिताला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, सांगलीत. बाळानं मान धरली की आई-लेकीला सासरी पोचवायचं आणि ते माहेरच्यांनी पोचवायचं, ही रीत. आपली नात आपल्या गाडीतून, आपण चालवत नेऊन तिच्या उंबऱ्याशी उतरवायची, यापलीकडे लालासाहेबांना त्या वर्षी जगात काही नको होतं. आणि सुभेदारांचा फोन आला की गाडी आमची येईल, डायव्हर आमचा येईल, तुमी पाळणा तेवढा बांधून ठेवा.

फोन ठेवल्यावर लालासाहेब बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मग संयोगितानं फोन घेतला आणि सासऱ्यांना गोड आवाजात सांगितलं की मामंजी, येईन तर बाबांच्याच गाडीतून. सुनेपुढं सुभेदार थोडे नरमले. स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, त्यामुळे ते काही गाडी चालवू शकत नव्हते. पण बसू शकत होते. त्यांनी अट घातली. ते स्वतः न्यायला येणार, पुढच्या सीटवर बसणार. ते 'थांबा' म्हणाले की गाडी जागच्या जागी थांबवायची, तिथं गावाकडची जीप मागवायची, आणि मग नातीच्या बाबतीत लालासाहेबांनी पुन्हा जन्मात गाडीचं नाव काढायचं नाही.

लालासाहेबांनी अट मान्य केली, आणि मग घाम पुसला.

वरच्या मजल्यावर दिग्विजय नावाचा तरुण राहत असे. घरातूनच कॉम्प्युटरवर कसलीशी नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात त्याच कॉम्प्युटरपुढं खेळण्यातलं स्टेअरिंग धरून परदेशातल्या शर्यती जिंकायचा. लालासाहेबांची अडचण ऐकून तो अशा शांतपणे हसला की जणू एखाद्या मोठ्या सर्जनला कुणीतरी नखुरडं दाखवावं. त्यानं निदान केलं. उतारावर खालचा गियर पडतो तेव्हा इंजिन हळू फिरत असतं आणि चाकं जोरात. दोघांचं जमत नाही म्हणून हिसका बसतो. तेव्हा गियर टाकायच्या आधी इंजिनला जरा रेस द्यायची, म्हणजे दोघं एका वेगावर येतात. पण त्याच वेळी ब्रेकही दाबून धरायचा असतो आणि डावा पाय क्लचवर अडकलेला असतो. म्हणून उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवायचा आणि त्याच पायाची टाच वळवून अॅक्सिलरेटरला हळूच धक्का द्यायचा. मोठमोठे शर्यतीवाले हेच करतात. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी खालच्या गियरमध्ये जाते.

देवानं माणसाला पाय दिले दोन आणि कंपनीनं गाडीला पेडलं दिली तीन. हा हिशेब आजवर कुणी तपासला कसा नाही, याचं लालासाहेबांना, बँकवाला म्हणून, फार आश्चर्य वाटलं. त्यांनी दिग्विजयला गुरू केलं. गुरूनं स्वतः आयुष्यात खरी मोटार कधी चालवली नव्हती, तो विजेच्या स्कूटरवर फिरायचा, ही गोष्ट पुढं कळली. तोवर श्रद्धा बसून गेली होती.

पहिली अडचण पायताणाची. लालासाहेबांची करकरणारी कोल्हापुरी घालून टाच वळवली की चपलेचं नाक ब्रेकच्या खाली जाऊन अडकायचं. बँकेतले बूट घातले तर टाच एकदम दोन्ही पेडलांवर बसायची आणि गाडीला थांबावं की पळावं हे कळायचं नाही. अनवाणी पायानं जमेल असं वाटलं, तर टाच अॅक्सिलरेटरपर्यंत पोचेना, कारण ब्रेक उंच आणि अॅक्सिलरेटर खोल. तिथं पोळपाटाचा पाय कामाला आला. अॅक्सिलरेटरवर तारेनं बांधला तेव्हा उंची बरोबर जमली. गॅरेजवाल्यानं गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा तो पाय पाहिला, पूजेचं बांधलेलं काहीतरी असेल असं समजून नमस्कार केला आणि तसाच राहू दिला.

दुसरी अडचण सांगलीची. शहर तव्यासारखं सपाट. उतार म्हणून मिळायचे ते गतिरोधकाचे, वीतभर. तरी लालासाहेबांनी सोडलं नाही. सकाळी फिरायला जाणारी मंडळी बघत असत की एक राखाडी गाडी कॉलनीतल्या प्रत्येक गतिरोधकापाशी येते, गुरगुरते, शिंकते, उडी मारून पलीकडे जाते आणि वळून पुन्हा येते. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. लालासाहेब सरावाला पार्किंगमध्येही उभ्या गाडीत रेस देत असल्यानं तळमजल्याच्या चंद्राबाईंच्या बरण्या फळीवरून चालत कडेला येतात, अशी तक्रार होती. लालासाहेबांनी उठून इंजिन आणि चाकं यांच्या वेगाविषयी मुद्देसूद भाषण केलं. ते संपल्यावर सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं की श्री. जगदाळे यांची गाडी नादुरुस्त असून सभासदांना त्यांच्याविषयी सहानुभूती आहे.

मग ते घरीच सराव करू लागले. जेवणाच्या टेबलाखाली तीन वाट्या पालथ्या घालायच्या आणि पेपर वाचता वाचता पाय चालवायचे. पायाला सवय लागली पाहिजे, असं गुरूचं म्हणणं होतं. आणि पायाला सवय लागली. इतकी लागली की कुणाच्याशा बारशाला गेले असता, पंगतीत, उजवा चवडा रोवला जाऊन टाच आपोआप बाजूला फटके मारू लागली. शेजारच्या पाहुण्यांनी पान सरकवून घेतलं. दोन दिवसांत कॉलनीभर झालं की जगदाळेसाहेबांच्या पायाचा काही भरवसा नाही. चंद्राबाई बरण्यांचा राग विसरून तेलाची बाटली घेऊन आल्या आणि शालनताईंना बाजूला घेऊन म्हणाल्या की आमच्या दिरांचं असंच टाचेपासनं चालू झालं होतं. पुढं दिरांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. नुसता हात हवेत फिरवला.

रात्री झोपेत ते गियर टाकत. शालनताईंनी पलंगाच्या मधे लोड उभा केला.

आणि याच मुहूर्तावर लायसनची मुदत संपत आली. नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. डॉक्टरांनी नजर पाहिली, कान पाहिले आणि शेवटी रीत म्हणून गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. कुणाचाही पाय अशा वेळी पुढं उडतो. लालासाहेबांचा पुढं उडाला, वाटेत थांबला, चवडा खाली दाबला आणि टाच उजवीकडे नेऊन हवेत एक रेस दिली. डॉक्टरांनी पुन्हा मारली. पुन्हा तेच. त्यांनी शेजारच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. दोघांनी मिळून मिरजेच्या नसांच्या डॉक्टरकडे जायची चिठ्ठी लिहायला घेतली, तेव्हा लालासाहेबांनी नाइलाजानं सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"अहो साहेब," ते म्हणाले, "मग ऑटोमॅटिक घ्या ना. माझी तशीच आहे. डावा पाय नुसता आराम करतो."

एवढा अपमान लालासाहेबांचा बँकेच्या ऑडिटमध्येही झाला नव्हता. पण दाखला हवा होता. तिसऱ्या तपासणीला त्यांनी डाव्या पायानं उजवा पाय घट्ट दाबून धरला, आणि दाखला मिळाला.

आता खरा रस्ता हवा होता. मोकळा, चढउताराचा, ओळखीचं कुणी न दिसणारा. म्हणून एका रविवारी ते जतच्या बाजूला गेले. तिकडं रस्ते लांबच लांब, कडेला बाभळी, मधूनच मेंढरं, आणि माणूस दिसलाच तर तो आपल्याकडे बघत नाही, आभाळाकडे बघतो. एका गावाच्या तोंडाशी लालासाहेबांना हवी तशी जागा मिळाली. उतार होता आणि उताराच्या शेवटी वळण. त्यांनी वेग घेतला, चवडा दाबला, पोळपाटाच्या पायाला टाच मारली. ती जरा जास्त बसली. इंजिननं अशी डरकाळी फोडली की बाभळीवरचे कावळे उठले. जमलं नाही म्हणून गाडी वळवून पुन्हा आले, पुन्हा डरकाळी. तिसऱ्या खेपेला वळणापलीकडे पाहतात तो रस्ता बायकांनी भरलेला. घागरी, हंडे, निळे कॅन, एक तर घंगाळ. रांगेत नंबरावरून भांडणही सुरू झालं होतं.

झालं होतं असं की त्या गावाला पाण्याचा टँकर येई, आणि टँकरचा ड्रायव्हर वळणावर आला की मोठी रेस देऊन वर्दी देई. गावाला तो आवाज देवळाच्या घंटेपेक्षा ओळखीचा. घोंगडी खांद्यावर टाकलेला एक म्हातारा, अर्जुना त्याचं नाव, गाडीला पूर्ण फेरी मारून आला. मागं बघितलं, खाली वाकून बघितलं.

"टँकर कुटं हाय?"

"टँकर नाही. मीच आहे," लालासाहेब म्हणाले.

"मग रेस कशाला दिली?"

"गियर टाकायला."

अर्जुनानं यावर बराच विचार केला. "तीनदा?"

बायका घागरींवर बसून घेऊ लागल्या. एकीनं गाडीच्या पुढं हंडा ठेवला, एकीनं मागं. अर्जुनानं समजुतीच्या आवाजात सांगितलं की मालक, लेकी-सुनांनी चुलीवरची भाकरी टाकून धाव घेतलीया, टँकर आला न्हाई तर आज रातीला घरात माझं काय खरं न्हाई. तवा तुमी आलाय तसं टँकरवाल्याला एक फोन लावा. लालासाहेबांनी नंबर घेतला, घसा साफ केला आणि कर्ज थकवणाऱ्याशी बोलायचा आपला जुना आवाज काढला. "जगदाळे बोलतोय. सांगलीहून आलोय. मी इथं वळणावर उभा आहे." यात एक अक्षर खोटं नव्हतं. पलीकडच्या माणसानं मात्र त्यातून काय ते ओळखलं आणि ऊन उतरायच्या आत टँकर आला.

गावानं लालासाहेबांना ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तांब्याभर ताक दिलं आणि निरोप देताना अर्जुना म्हणाला की सायब, दर आइतवारी येत जावा आन् वळणावर रेस देऊन जावा.

ते जात राहिले. दर रविवारी वळणावर डरकाळी, घागरींची रांग, फोन आणि टँकर. शालनताईंना कळेना की बँकेत असताना रविवारी दाढीसुद्धा न करणारा हा माणूस आंघोळ करून जातो कुठं. पण पाय तिथंच तयार झाला. टाचेचा जोर कमी कमी होत गेला, चवड्याला ब्रेकची नाडी कळू लागली आणि एका रविवारी लालासाहेब वळणावर आले, दुसरा गियर पडला आणि त्यांना स्वतःलाच कळलं नाही की तो पडला. हिसका नाही, आवाज नाही. वळणापलीकडे रस्ता मोकळा. एकही घागर बाहेर आली नव्हती. लालासाहेब गाडी उभी करून त्या रिकाम्या रस्त्याकडे एखाद्या पदकाकडे बघावं तसे बघत राहिले. मग गावाची आठवण येऊन त्यांनी उभ्या गाडीत एक जोराची रेस दिली.

सुभेदार आदल्या दिवशी एसटीनं आले. ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर कानापर्यंत वळलेला काळाकुट्ट चष्मा. जेवताना त्यांनी सहज सांगितलं की दुसरा माणूस गाडी चालवत असताना आपण सगळ्या नोकरीत कधी डोळा मिटला नाही. बर्फात, अंधारात, तापात, कधीच नाही. शालनताईंनी त्यांना आणखी एक पुरणपोळी वाढली.

सकाळी गाडी निघाली. मागं शालनताई, संयोगिता आणि बाळ. रात्रभर जागलेली संयोगिता पलूसच्या अलीकडेच खिडकीला डोकं टेकून झोपली. कुंडलपासून उसाच्या ट्रॉल्या लागल्या, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली, आणि त्यांच्या मागून गाडी मुंगीच्या पावलानं जात होती. सुभेदारांचा उजवा पाय कराडपर्यंत खालच्या पत्र्यावर नसलेला ब्रेक दाबत होता. लालासाहेब गियर टाकत तेव्हा ते सीटचा दांडा धरत, आणि हिसका आला नाही की संशयानं इकडं तिकडं बघत. मलकापूरला चहा-भजी झाली. सुभेदारांनी डोळ्यांत औषधाचे थेंब घालून घेतले, म्हणाले की आता घटकाभर घड्याळसुद्धा दिसायचं न्हाई, पर गाडी मला पाठीनं कळती. फाट्यावर काय ते सांगतो. आणि काळा चष्मा लावून सरळ बसले.

फाट्यावर दोन रस्ते फुटतात. डावीकडचा नदीच्या कडेनं, सपाट, पण तासभर जास्तीचा. उजवीकडचा बोरजाईच्या घाटाचा. लालासाहेबांनी गाडी हळू केली.

"घाटानंच घेऊ का?" त्यांनी विचारलं.

सुभेदारांनी मान खाली-वर केली.

लालासाहेबांची छाती एकदम रुंद झाली. शब्दानंही न बोलता, नुसत्या मानेनं. हा माणूस दिलदार आहे, संधी देतोय. त्यांनी गाडी उजवीकडे घातली. चढ गेला. माथ्यावरून खाली चिंचखोऱ्याची कौलं दिसली, आणि उतार सुरू झाला.

पहिलं वळण. चवडा, क्लच, टाच, दुसरा. गाडी पाण्यासारखी वळली. लालासाहेबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. सुभेदारांची मान हळूच डोलली. दुसरं वळण. पुन्हा मान डोलली. गवयाच्या समेला दाद द्यावी तशी. मग लालासाहेब जे रंगले, ते सांगायची सोय नाही. वळणं येत होती आणि जात होती, बाळ झोपलेलं, डिकीतला स्टीलचा डबासुद्धा वाजत नव्हता आणि काळ्या चष्म्याआडून एक जाणता फौजी प्रत्येक वळणाला मान देत होता. ज्या वळणावर सुभेदार मागं उतरून गेले होते तिथं तर त्यांची मान पार छातीपर्यंत झुकली. लालासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग बोरजाईचं वळण आलं.

घाटातलं सर्वांत तीव्र वळण, आणि नेमक्या तिथंच देवीचं ठाणं. त्या रस्त्यानं जाणारा कुठलाही ड्रायव्हर, एसटीचा असो, उसाचा असो, तिथं उजवा हात सोडून कपाळाला आणि छातीला लावतोच. न लावता उतरलेला कुणी लालासाहेबांच्या पाहण्यात नव्हता. त्यांनी इतके दिवस सगळ्याचा सराव केला. नमस्काराचा केला नव्हता. डावा पाय क्लचवर. उजव्या पायाची वाटणी झालेली. डावा हात गियरवर, उजवा स्टेअरिंगवर. खाली दरी, मागं नात आणि समोर देवी. हात सोडावा तर गाडी जाते आणि न सोडावा तर देवी बघते. शर्यतीवाल्यांच्या देशात वळणावर देव नसणार, हे त्या क्षणी त्यांना कळलं आणि गुरूचा त्यांना मनापासून राग आला.

तेवढ्यात मागून एक हात आला. बांगड्यांचा. त्यानं लालासाहेबांच्या कपाळाला स्पर्श केला, मग छातीला, आणि निघून गेला.

"चालवा," शालनताई हळू आवाजात म्हणाल्या.

गियर पडला. गाडी वळली. देवी मागं गेली.

पायथ्याला चिंचखोऱ्याची वेस आली, घर आलं. सवाष्णी भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. लालासाहेबांनी गाडी बरोबर पायरीशी लावली, इंजिन बंद केलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि व्याह्यांकडे वळून बसले. आता बोलतील.

सुभेदार दचकून ताठ झाले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी डोळे चोळले.

"लागला का घाट?" ते म्हणाले.

बाहेरून कुणीतरी दार उघडलं, बाळ गेलं, संयोगिता गेली, ओवाळणी झाली. सुभेदार उतरून घराकडे बघत उभे राहिले, जणू घरच त्यांच्यापुढं आणून ठेवलं होतं. लालासाहेब म्हणाले की घाट उतरूनच आलो, सबंध उतरलो. सुभेदार पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि चाकाच्या मधल्या लोखंडावर हाताचा पालथा पंजा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग पलीकडच्या चाकाला जाऊन ठेवला.

"गार हाय," ते उठत म्हणाले. "बोरजाई उतरलेली गाडी आन् चाक गार? पाव्हणं, मला फौजेनं काय वांगी इकायला ठिवलं हुतं? घाटात मी झोपलो, आसं म्हणायचंय तुमाला? मी?"

लालासाहेबांनी तोंड उघडलं. चाक गार का आहे ते त्यांना माहीत होतं. खालच्या गियरनं ब्रेक कसा वाचतो, उतारावर इंजिनच गाडीला कसं धरून ठेवतं, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. भोवती पावणेरावळे जमले होते. हाच तो क्षण, ज्याच्यासाठी पोळपाट लंगडा झाला होता.

"आवं, नदीकडनंच आलो की आमी," शालनताई मधेच म्हणाल्या. "फाट्यावर ह्यांनी इचारलं, तुमी मान हलवली. मग घाटात कशाला शिरतोय?"

लालासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. शालनताईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या नातीचं टोपडं नीट करत होत्या.

सुभेदारांचा चेहरा सैल झाला. ते लालासाहेबांच्या जवळ आले आणि सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"व्हय तर. सपाटीला लय मऊ हात हाय तुमचा. माझा डोळा लागला म्हंजे काय समजा. आता नातीला न्यायचं-आणायचं तुमीच, दुसऱ्या कुनाच्या गाडीत मी बसवू द्यायचो न्हाई. पर एक हाय पाव्हणं. घाटाचं नाव काढायचं न्हाई. नदीकडनंच यायचं. त्यो घाट तुमच्याच्यानं व्हनार न्हाई."

लालासाहेबांनी गाडीची किल्ली खिशात घातली.

"बरं," ते म्हणाले.

शब्द दिला खरा. पण सुभेदारही काटेकोर. सांगलीहून गाडी निघाली की त्यांना फोन करावा लागतो, आणि नदीच्या रस्त्यानं किती वाजता यायला पाहिजे याचा हिशेब घालून ते ओसरीवर घड्याळ घेऊन बसतात. वेळेच्या आधी पोचलं तर विचारतील. आणि एवढं होऊनही लालासाहेबांना सपाट रस्ता गिळवत नाही. फाटा आला की स्टेअरिंग आपोआप उजवीकडे वळतं. संयोगिताही आता आईला सामील आहे. तेव्हा दर वेळी घाट लोण्यासारखा उतरायचा आणि वेशीच्या अलीकडे, गावातून दिसणार नाही अशा एका आंब्याखाली सतरंजी अंथरून तास काढायचा. बाळ रांगतं, शालनताई शेंगा सोलतात आणि लालासाहेब घाटाकडे तोंड करून बसतात. एकेक गाडी हिसके देत, ब्रेक जाळत खाली येते आणि दर हिसक्याला ते तोंडानं 'च्च' करतात.

परवा अशीच एक गाडी धूर सोडत येऊन त्यांच्यापाशी थांबली. चालवणारा घामानं निथळत होता. त्यानं सतरंजी पाहिली, बाळ पाहिलं, पिकल्या केसांचा माणूस पाहिला आणि त्याला सगळं कळलं. खिडकीतून वाकून तो फार मायेनं म्हणाला,

"काका, घाट बघूनच थांबला न्हवं? बरं केलं. बाळ घिऊन ह्यात शिरू नगा. मागं फिरा आन् नदीकडनं जावा."

लालासाहेबांची उजवी टाच सतरंजीवर हलली. शालनताईंनी शेंगांचं ताट तिच्यावर ठेवलं.

"होय बाळा," लालासाहेब म्हणाले. "आम्ही नदीकडनंच जातो."